आधी नटाला नंबर द्या, मग चष्मा आणा

डिझेलचा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन सुरू होत नाही. साध्या पंपाच्या जुन्या इंजिनावर ही हवा काढायची रीत ठरलेली आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करायचा, फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल जाऊन एकसंध धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग तेच इंजेक्शन पंपावर. तरीही इंजिनाने घेतलं नाही, तर नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे सैल करून इंजिन फिरवायचं आणि डिझेल येईल तसा एकेक नट आवळत जायचा. जाणत्याला हे अर्ध्या तासाचंही काम नाही. पण बोट जयगडला, मिस्त्री मिरकरवाड्यात दुसऱ्या इंजिनाखाली, आणि बोटीवर हाताशी आहे तो पहिल्याच हंगामाचा खलाशी, अशी स्थिती असली की याच कामाला दिवस जातो. तेवढ्यात भरलेला बर्फ विरघळतो आणि एक फेरी बुडते.

दूरच्या जाणत्याचं ज्ञान इथल्या हातापर्यंत पोचवायचं, ही मिक्स्ड रिअ‍ॅलिटीची कल्पना म्हणूनच कोकणाला परकी वाटायचं कारण नाही. डोळ्यावर चष्म्यासारखं यंत्र लावायचं किंवा फोनचा कॅमेरा धरायचा. पलीकडच्या माणसाला तेच दृश्य दिसतं. तो त्याच्या पडद्यावर बाण काढतो आणि तो बाण इकडे खऱ्या इंजिनाच्या खऱ्या स्क्रूवर चिकटलेला दिसतो. मिल्ग्राम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ साली खऱ्या आणि कृत्रिम दृश्याच्या या सरमिसळीची पद्धतशीर मांडणी केली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९२ मध्ये, बोइंगच्या कॉडेल आणि मिझेल यांनी असा चष्मा सुचवला होता, तोही विमानातल्या तारांच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारांसाठी. म्हणजे या तंत्राच्या सुरुवातीच्या कल्पनांमध्येच हाताने काम करणारे होते.

म्हणूनच आयटीआयमध्ये, मच्छीमार सोसायट्यांमध्ये, बंदरांच्या विकासनिधीतून असे चष्मे घ्यावेत का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारायला हवा. माझं उत्तर स्पष्ट आहे: दुरून मार्गदर्शन हवंच, आणि लवकर हवं, पण सार्वजनिक पैसा चष्म्यावर आत्ता घालू नये. तो आधी इथल्या हातावर, मोजायच्या हत्यारांवर आणि इंजिनाला नंबर घालण्यावर घालावा.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये सायकलदुरुस्तीवर प्रयोग केला. नवख्या माणसाला दूरच्या जाणकाराची मदत मिळाली की काम चांगलं आणि लवकर झालं. पण नुसता आवाज आणि आवाजासोबत व्हिडिओ यांत कामाच्या दर्जात म्हणावा तसा फरक पडला नाही. चित्रापेक्षा पलीकडचा माणूस महत्त्वाचा ठरला. पुढे २००४ मध्ये त्याच वर्तुळातल्या अभ्यासात दिसलं की व्हिडिओवर नुसता टिंब फिरवून दाखवण्याने वेळ वाचत नाही, पेनाने रेघ काढून दाखवता आली की वाचतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की समजतं, गरज आहे ती दोघांचा ‘हा’ आणि ‘तो’ एकच असण्याची.

ही अडचण आपल्या भाषेत रोज ऐकू येते. ‘ह्यो न्हय, तो पलीकडचो!’ एवढं वाक्य समोरासमोर पुरतं, कारण सोबत बोट असतं. फोनवर ते कोड्यासारखं होतं. ‘डावीकडचा’ म्हटलं तर कुणाच्या डावीकडचा? इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहू शकतो. ‘घड्याळाच्या दिशेने फिरव’ म्हटलं तर पुलीकडून बघून की गिअरबॉक्सकडून? म्हणून जाणते मिस्त्री डावं-उजवं म्हणतच नाहीत, ‘पुलीकडची बाजू’ आणि ‘गिअरबॉक्सकडची बाजू’ म्हणतात. दुरून मार्गदर्शन करायचं तर पहिला नियम हाच. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

बाण तरी बरोबर जागी राहतो का? बंद शेडमध्ये, स्टँडवर बसवलेल्या इंजिनावर, चांगल्या उजेडात राहतो. बोटीवर बऱ्याचदा राहत नाही, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. फोन किंवा चष्मा आपली जागा दोन गोष्टींवरून ओळखतो. एक, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या ठळक खुणा: कोपरे, ओरखडे, अक्षरं. दुसरी, आतला हालचाल मोजणारा सेन्सर. बोट लाटेवर डोलली की सेन्सर सांगतो, आपण हललो. कॅमेरा सांगतो, इंजिन तर जागेवरच आहे. दोघांचा मेळ बसत नाही आणि बाण सरकतो. मायक्रोसॉफ्टला होलोलेन्स या आपल्या चष्म्यात हलत्या जहाजांवर वापरण्यासाठी वेगळी सोय द्यावी लागली ती याच कारणाने. फायबरच्या बोटीचं पांढरं गुळगुळीत अंग, चकाकणारं स्टील, तेलाने एकजात काळवंडलेला ब्लॉक, यांवर कॅमेऱ्याला धरायला खुणाच सापडत नाहीत. शेजारशेजारच्या दोन नटांमध्ये चार सेंटिमीटर अंतर असेल आणि बाण तीन-चार सेंटिमीटर घसरला, तर तो ठामपणे चुकीचा नट दाखवतो. नवखा माणूस बाणावर विश्वास ठेवतो. बाण नसता तर त्याने निदान विचारलं असतं, ‘नक्की कुठला?’

दुसरी अडचण व्हिडिओची. व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केला जातो, आणि नेटवर्क कमी पडलं की सर्वात आधी बारीक, हलता तपशील पुसला जातो. डिझेलमधले बुडबुडे नेमके तसेच असतात. पलीकडे मिस्त्रीला गुळगुळीत धार दिसते, तो म्हणतो ‘आवळ’, आणि लाइनमध्ये हवा राहतेच. म्हणून हे निरीक्षण कॅमेऱ्यावर सोडायचं नाही. स्क्रूच्या तोंडाशी पारदर्शक बाटली धरायची, बुडबुडे थांबले की नाही हे खलाशाने स्वतः बघून तोंडाने सांगायचं. शंका वाटली तर बाटलीचा एक स्थिर फोटो पाठवायचा.

स्थिर फोटो हा या सगळ्या विषयातला दुर्लक्षित नायक आहे. बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओला वर पाठवण्याचा वेग साधारण दोन मेगाबिट लागतो. तासभर चालला तर ९०० एमबी डेटा जातो, आणि आवाज उशिरा पोचायला लागला की दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा, ही दूरसंचाराची जुनी शिफारस आहे. खाडीच्या आतल्या जेटीवर, डोंगराआड, ती पाळली जाईल अशा भरवशावर काम काढता येत नाही. फोटो मात्र तीन-चारशे केबीत जातो. पलीकडचा त्यावर लाल रेघ ओढून परत पाठवतो. ती रेघ घसरत नाही, कारण फोटो हलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हे आजही करता येतं. फोटो काढताना उजेड समोरून मारू नये, बाजूने मारावा. बाजूच्या उजेडात आट्यांची सावली पडते आणि आटे गेलेत की शाबूत आहेत ते दिसतं.

आता हंगामाचा विचार. केंद्राच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या असतात. जाळी विणणं, डागडुजी, इंजिन उतरवणं याच काळात होतं. मिस्त्री किनाऱ्यावर असतो, इंजिन हलत नसतं, घाई नसते. दुरून मार्गदर्शनाची तयारी करायची ती तेव्हा. ऑक्टोबरात इंजिन बंद पडल्यावर ती होत नाही.

तयारी अशी. इंजिनाचा बाहेरचा भाग रॉकेलने पुसून, मग थिनरच्या फडक्याने कोरडा करायचा, नाहीतर रंग धरत नाही. पांढऱ्या एनॅमलने प्रत्येक महत्त्वाच्या नटाला, स्क्रूला, कॉकला नंबर घालायचा, निदान दीड सेंटिमीटर उंचीचा. नंबर नटाच्या डोक्यावर घालायचा नाही, पाना लागून तो खरवडला जातो. शेजारी अंगावर घालायचा. मोजणी पुलीकडून सुरू करायची. डिझेलच्या लाइनला पिवळी पट्टी, पाण्याच्या लाइनला निळी, तेलाच्या लाइनला लाल. सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या जवळ रंग जळतो, तिथे पितळी बिल्ल्यावर ठोकून नंबर काढायचा आणि तारेने बांधायचा. मग चौदा-पंधरा फोटो काढायचे: चारही बाजू, फिल्टर, फीड पंप, इंजेक्शन पंप, नोझल, पाण्याचा पंप, गिअरबॉक्स, शाफ्टची ग्लँड, बॅटरीची जोडणी. त्यांचे दोन संच छापायचे. एक बोटीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक मिस्त्रीकडे. एकाच मॉडेलच्या इंजिनाला सोसायटीच्या सगळ्या बोटींवर तोच नंबर हवा. चार नंबर म्हणजे फिल्टरचा हवेचा स्क्रू, तर तो सगळीकडे चारच.

एवढं झालं की अर्धं काम झालं. चष्मा जो बाण दाखवणार होता, तो आता इंजिनावर कायमचा रंगवलेला आहे. तो लाटेने सरकत नाही, बॅटरी संपली म्हणून विझत नाही.

याचा खरा फायदा किनाऱ्यापासून दूर गेल्यावर कळतो. मोबाइलची रेंज किनाऱ्यालगतच संपते, त्यापलीकडे कुठलाही व्हिडिओ जात नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून सुरू झालेल्या योजनेत देशभरातल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या उपग्रहावर चालणारे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, आणि त्यांतून दोन्ही बाजूंनी लहान मजकूर जाऊ शकतो. ती सोय मुख्यतः सुरक्षेसाठी आहे, संकटाच्या संदेशाआड ती येता कामा नये. तरीही ‘४ सैल, पंप मार, धार आली की ४ बंद, मग ७’ हा मजकूर त्यात बसतो. नंबर नसतील तर हेच सांगायला दोन पानं लागतील.

नंबरांनी जागा कळते, जोर कळत नाही. इथे दूरच्या मार्गदर्शनाची खरी मर्यादा आहे, आणि चष्मा विकणारे तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दृश्य जातं, आवाज जातो. वास, कंप, उष्णता, पान्यावरचा ताण जात नाही. टॅपेटची फट बसवताना ती मोजणाऱ्या फिलर गेजचं पान किंचित अडखळत सरकायला हवं. हे ‘किंचित’ हाताला कळतं, कॅमेऱ्याला नाही. ग्लँडची, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी, डोरी किती आवळायची तेही तसंच. जास्त आवळली तर शाफ्ट तापून खरवडला जातो, कमी आवळली तर बोटीत पाणी येतं. साध्या डोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थोडं थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, ते डोरीला थंड ठेवतं. नवखा माणूस थेंब दिसला की घाबरून आवळतो.

यावर उपाय म्हणजे स्पर्शाचा आकडा करणं. किती जोराने आवळलं याला टॉर्क पाना. किती तापलं याला दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर. किती करंट खातंय याला क्लॅम्प मीटर. किती थेंब याला घड्याळ लावून मिनिटाची मोजणी. शेवटी फिलर गेज आणि दाबाचा गेज. आकडा फोनवर बिनचूक जातो, पाठवणाऱ्याला तो परत वाचून दाखवता येतो. ‘बऱ्यापैकी घट्ट’ हे शब्द तसे जात नाहीत. होलोलेन्स २ ची जाहीर किंमत साडेतीन हजार डॉलर होती, आपल्याकडे तीन लाखांच्या आसपास. तेवढ्या पैशांत अशा हत्यारांच्या पेट्या एकाहून जास्त बंदरांवर ठेवता येतात.

आणि त्या चष्म्याचं पुढे काय झालं तेही विचारात घ्यायला हवं. २०१९ मध्ये आलेल्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं. गूगलने उद्योगांसाठीचा ‘ग्लास’ नावाचा चष्मा २०२३ च्या मार्चमध्ये विकणं बंद केलं आणि त्याच सप्टेंबरात त्याचा पाठिंबाही काढून घेतला. जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी दोघींची ही गत. सरकारी खरेदीत मागणी, निविदा आणि पुरवठा यांतच दोन वर्षं सहज जातात. यंत्र आयटीआयच्या कपाटात पोचेपर्यंत त्याचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. म्हणजे मुलांची एक अख्खी तुकडी बंद पडलेल्या चष्म्यासमोर बसून बाहेर पडेल.

चष्म्याच्या बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा असा की त्याने दोन्ही हात मोकळे राहतात. मुद्दा खरा आहे. एका हातात फोन धरून नट खोलणं हे धड काम नव्हे. पण त्याची सोय स्वस्तात होते. लवचिक मानेचा, चुंबकाच्या बुडाचा फोनस्टँड लोखंडी ब्लॉकवर बसतो. अ‍ॅल्युमिनियमवर आणि फायबरवर चुंबक धरत नाही, तिथे चिमट्याचा लागतो. छातीवर पट्ट्याने बांधलेला फोनही चालतो, फक्त माणूस वाकला की कॅमेरा जमिनीकडे बघतो. स्टँडवरचा स्थिर कॅमेरा पलीकडच्याला पूर्ण चित्र देतो, तर डोक्यावरचा कॅमेरा मान हलेल तसा भिरभिरतो आणि बघणाऱ्याला घेरी आणतो. चष्म्याचेही आपले त्रास आहेत. होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम. उघड्या धक्क्यावरच्या उन्हात पारदर्शक भिंगावरचं चित्र फिकं पडतं. घामाने आणि खाऱ्या हवेने भिंग धूसर होतं. इंजिनाच्या आवाजात तोंडी आज्ञा यंत्राला ऐकू जात नाहीत, आणि डिझेलच्या हाताने फोनचा पडदाही धड चालत नाही. फोनही तापतो. आयफोन बनवणारी कंपनीच भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते. चालून थांबलेल्या इंजिनाच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त असतं. तापला की पडदा मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो. म्हणून इंजिनखोलीत सलग व्हिडिओ नको. फोटो, बोलणं, काम, पुन्हा फोटो.

काही कामं दुरून करून घ्यायचीच नाहीत, आणि हे लिहून ठेवलं पाहिजे. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर असतो. ओढीचा आणि सोडण्याचा दाब, तेलाच्या काचेतली पातळी, मोटरचा करंट हे वाचून पाठवणं ठीक आहे, जाणकाराला त्यातून बरंच कळतं. पण अमोनियाची लाइन उघडणं, सील बदलणं, तेल काढणं हे दुरून सांगून नवख्याकडून करवणं हा गुन्हाच मानला पाहिजे. हवेत दशलक्षात तीनशे भाग अमोनिया ही तत्काळ जिवाला धोकादायक पातळी आहे, आणि कॅमेऱ्याला वास येत नाही. तसंच कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाचं. वर सांगितलेली नोझलचे नट सैल करायची रीत तिथे जिवावर बेतेल, कारण दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. पलीकडच्याने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘इंजिन कुठलं, प्लेटचा फोटो पाठव’ हाच. डोळ्यावर काही लावलेलं असेल तर इंजिन फिरवण्याआधी ते काढायचं, कारण बाजूची नजर तोकडी पडते आणि उघडा पट्टा शेजारीच असतो.

थांबवण्याचा अधिकार हाताशी असलेल्या माणसाचा. पलीकडे कितीही मोठा इंजिनिअर असो, इथल्या मुलाला काही जड लागलं, वास आला, आवाज बदलला, तर तो ‘थांब’ म्हणेल आणि काम थांबेल. त्यावर त्याला बोलणी बसता कामा नयेत. पैशातही त्याचा वाटा हवा. आज दुरून सल्ला देणारा व्हिजिटचा आकार लावतो आणि प्रत्यक्ष नट खोलणाऱ्याच्या हातावर चहाचे पैसे पडतात. अर्धं काम त्याने केलेलं असतं, धोका तर पूर्ण त्याचाच. सोसायटीच्या दरपत्रकात दूरच्या मार्गदर्शनाचा आकार दोघांत निम्मा-निम्मा लिहिला, तर आयटीआयतून बाहेर पडलेल्या मुलाला बंदरावर टिकायला एक कारण मिळेल. नाहीतर तो मुंबईची गाडी पकडतोच.

रेकॉर्डिंगचा प्रश्न याहून नाजूक आहे. साखरी नाटे गावातला मिस्त्री तीस वर्षांत जे शिकला ते तासाभराच्या व्हिडिओत उतरतं. तो व्हिडिओ सल्ला देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला आणि पुढच्या वर्षी तोच बघायला लायसन्स घ्यावं लागलं, तर आपण आपलीच विद्या भाड्याने घेतली असं होईल. करारात एक वाक्य हवं: रेकॉर्डिंगची प्रत सोसायटीकडे राहील, आणि ज्याचे हात व आवाज त्यात आहेत त्याच्या संमतीशिवाय ती इतरत्र वापरली जाणार नाही. दुरुस्तीचा हक्क हा विषय केंद्राने उचलला आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत समिती नेमली, डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. इंजिनाची पुस्तिका, भागांची चित्रं आणि आवळण्याचे आकडे मराठीत खुले मिळावेत, ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी तिथे लावून धरायला हवी. आकडाच माहीत नसेल तर टॉर्क पाना काय कामाचा.

मिक्स्ड रिअ‍ॅलिटीला कोकणात जागाच नाही, असं मी म्हणत नाही. मोठी बंदरं, जहाजदुरुस्तीच्या गोद्या, जिथे तेच काम दिवसाला पन्नासदा होतं, छप्पर आहे, नेटवर्क आहे आणि पैसा त्यांचा स्वतःचा आहे, त्यांनी खुशाल वापरावी. आयटीआयच्या शेडमध्ये स्टँडवरच्या इंजिनाला दहा सेंटिमीटरची छापील खूण चिकटवून साध्या फोनवर हे शिकवताही येईल. खूण ठरल्या मापाची असली की बाण बराच स्थिर राहतो, ती तेलाने माखली की पुन्हा घसरतो. मुलांनी हे दोन्ही बघावं. पण वादळाचा विचार सोडू नये. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात वीज आणि फोन दोन्ही कित्येक दिवस नव्हते. ज्या दुरुस्त्यांना सर्व्हर लागतो त्या त्या दिवसांत झाल्याच नसत्या.

यंदा बोटी वर ओढल्या की पहिल्या आठवड्यात प्रत्येक सोसायटीने एक इंजिन निवडावं. मिस्त्रीला दोन दिवसांची मजुरी द्यावी, आयटीआयची दोन मुलं बरोबर द्यावीत, पांढरा, पिवळा, निळा, लाल असे चार डबे रंग आणावा. नंबर घालून झाले की मिस्त्रीला घरी पाठवावं आणि त्याने फोनवरून, फक्त नंबर सांगून, त्या मुलांकडून फिल्टर बदलून हवा काढून घ्यावी. जिथे दोघं अडतील तिथे नंबर चुकलाय किंवा राहिलाय. तो तिथल्या तिथे रंगवून टाकायचा.